बेटांवरच्या पर्यटनाचा अभ्यास कसकसा बदलत गेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटांवरच्या पर्यटनावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतकं लिहिलं गेलंय की नव्याने वाचायला घेणारा भांबावून जातो. अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगोल, हवामान, सगळ्यांनी यात हात घातलाय. बाहेरून आलेला सल्लागार बेटाबद्दल एक प्रश्न विचारतो आणि बेटावर जन्मलेला माणूस दुसराच. हा अभ्यास पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे कसा सरकत गेला, त्या अंगाने खालची उत्तरं लिहिली आहेत.

पर्यटनाचा अभ्यास होतोच की. बेटांचा वेगळा कशाला?

मोजणी सोपी पडते म्हणून, हे पहिलं आणि प्रामाणिक उत्तर. कोकणात वर्षभरात किती पर्यटक आले हे नेमकं सांगायचं तर नाक्यानाक्यावर माणूस बसवावा लागेल. बार्बाडोसला एक विमानतळ आणि एक मोठं बंदर. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते, बाहेरून येणारा प्रत्येक कंटेनर कस्टमच्या वहीत चढतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, पाणी किती उपसलं, कचरा किती साठला, या सगळ्याला किनाऱ्याची कड असते. त्यामुळे अभ्यासकांना बेटं फार लवकर आवडू लागली.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मुंबईत पर्यटक घटले म्हणून मुंबई थांबत नाही. मालदीवमध्ये 2019 साली 17 लाख पर्यटक आले होते, 2020 साली साडेपाच लाखांच्या आसपास. दुसरा आधारच तोकडा असला की असा फटका सरकारच्या तिजोरीपासून होडीवाल्याच्या घरापर्यंत पोचतो. गोडं पाणी, जमीन, माणसं, सगळंच मोजकं असलेल्या जागेवर एकाच धंद्याचा भार पडला तर काय होतं, हे बेटांवर आधी दिसतं आणि लख्ख दिसतं.

या अभ्यासाची सुरुवात कधी झाली?

1958 च्या अखेरीस अटलांटिक ओलांडणारी जेट विमानं नियमित उडू लागली आणि कॅरिबियन बेटं न्यूयॉर्क-लंडनच्या जवळ आली. त्याच काळात एकेक बेट स्वतंत्र होत होतं: जमैका 1962, माल्टा 1964, बार्बाडोस 1966, मॉरिशस 1968, फिजी 1970. माल्टाची मदार ब्रिटिश आरमाराच्या गोदीवर, बाकीच्यांपैकी बहुतेकांची उसावर. साखरेच्या भावावर देश चालवणं कठीण, म्हणून पर्यटन हा उपाय पुढे आला. तो सुचवणारे होते आंतरराष्ट्रीय संस्था आणि सल्लागार कंपन्या. त्यांचे अहवाल हेच या विषयातलं सुरुवातीचं लेखन.

त्यातला गाजलेला अहवाल झिंडर या अमेरिकी सल्लागार कंपनीचा, 1969 चा, पूर्व कॅरिबियन बेटांवरचा. पर्यटकाने खर्च केलेल्या एका डॉलरचे बेटावर 2.3 डॉलर होतात, असं त्यात म्हटलं होतं. मंत्र्यांना असा आकडा हवाच असतो. पुढच्याच वर्षी कॅरी लेविट आणि इक्बाल गुलाटी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली. झिंडरने बेटावर राहिलेलं उत्पन्न मोजलंच नव्हतं, नुसत्या व्यवहारांची बेरीज केली होती, हे त्यांनी दाखवून दिलं. माझ्या मते बेटांच्या पर्यटनावरचं खरं संशोधन या एका निबंधापासून सुरू होतं, कारण सरकारी आकड्याला पहिल्यांदा कुणीतरी ‘दाखवा बघू’ म्हणालं.

गुणक आणि गळती म्हणजे नेमकं काय?

एक कल्पित हिशेब करू. पर्यटकाने हॉटेलात 100 रुपये दिले. त्यातले 60 लगेच बेटाबाहेर गेले: लोणी न्यूझीलंडचं, मांस अमेरिकेचं, एसीचे सुटे भाग बाहेरचे, मॅनेजरचा पगार परदेशी बँकेत, नफा मूळ कंपनीकडे. ही झाली गळती. उरलेले 40 रुपये स्वयंपाक्याला, खोल्या झाडणारीला, मासे विकणाऱ्याला मिळाले. त्यांनी ते खर्च केले तेव्हा पुन्हा तीच वाट: 24 बाहेर, 16 आत. मग 6 रुपये 40 पैसे. असं शेवटपर्यंत मिळवत गेलं तरी बेटावरचं एकूण उत्पन्न 67 रुपयांच्या आतच राहतं. म्हणजे गुणक, अर्थात पर्यटकाच्या एका रुपयामागे बेटावर तयार होणारं उत्पन्न, एकाच्याही खाली. 2.3 म्हणणारा याच शंभराचे 230 दाखवत होता.

जॉन ब्रायडन यांनी 1973 मध्ये कॅरिबियनवरच्या पुस्तकात याच्याही पुढचा प्रश्न विचारला. विमानतळ, रस्ते, नळयोजना, हॉटेलांना दिलेली करमाफी आणि शेत सोडून हॉटेलात गेलेला मजूर, हा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? नंतर ब्रायन आर्चर यांच्यासारख्यांनी बर्म्युडा, सेशेल्स अशा बेटांचे गुणक बारकाईने काढले. बेट मोठं, शेती जिवंत आणि मालकी स्थानिक असेल तिथे गळती कमी. चिमुकल्या बेटावर भाजीसुद्धा जहाजाने येते, तिथे जास्त.

आज बरेच तरुण संशोधक या हिशेबाला जुनाट समजतात, याचं मला वाईट वाटतं. संस्कृती, अस्मिता, सत्ता यांवर जरूर लिहावं, पण 100 तले किती राहिले हे माहीत नसेल तर त्या चर्चेला बूड राहत नाही.

पैशांपलीकडे बघायला कधी सुरुवात झाली?

1970 च्या दशकाच्या मध्यावर. 1975 मध्ये डॉक्सी यांनी बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगारा-ऑन-द-लेक इथल्या अनुभवावरून यजमानांच्या मनाचे चार टप्पे मांडले: आधी आनंद, मग बेफिकिरी, मग चीड, शेवटी उघड वैर. जागतिक बँक आणि युनेस्को यांनी 1976 मध्ये पर्यटनाच्या सामाजिक परिणामांवर परिसंवाद घेतला. त्यातून 1979 साली निघालेल्या पुस्तकाच्या नावात पर्यटनाला ‘विकासाचा पासपोर्ट’ म्हटलं होतं, पण पुढे प्रश्नचिन्ह होतं. त्याच्या दहा वर्षं आधी ते प्रश्नचिन्ह कुणी घातलं नसतं.

या दशकातली सगळ्यात विचार करायला लावणारी जागा म्हणजे बाली. पर्यटनामुळे संस्कृती बुडते, असं तेव्हा सरसकट बोललं जायचं. फिलिप मॅककीन यांनी उलट मांडलं: बालीतले लोक पर्यटकाच्या पैशावर आपली नृत्यं, कोरीवकाम, गावची वाद्यमंडळं टिकवून आहेत, वाढवतही आहेत. बालीच्या लोकांनी स्वतःच 1971 मध्ये बैठक घेऊन कुठलं नृत्य देवळाच्या आतल्या आवारातलं, कुठलं उत्सवातलं आणि कुठलं निव्वळ करमणुकीचं, याची वर्गवारी केली होती. हेतू असा की देवाचं ते हॉटेलच्या मंचावर जाऊ नये. फ्रेंच अभ्यासक मिशेल पिकार यांनी पुढे बरीच वर्षं बालीचा अभ्यास करून या वर्गवारीतली मेख दाखवली. अशी विभागणी करण्याची गरजच मुळात पर्यटकामुळे निर्माण झाली होती. ‘आमची संस्कृती’ या शब्दांत बालीची माणसं स्वतःकडे बघू लागली त्यात पर्यटनाचा मोठा वाटा होता. आत आणि बाहेर अशी रेघ मारायला जावं, तर पर्यटन आधीच आत येऊन बसलेलं. ‘पर्यटनाचा संस्कृतीवर परिणाम’ अशी सोपी मांडणी करणाऱ्याने पिकार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्येक पाठ्यपुस्तकात बटलरचं जीवनचक्र असतं. ते अजून चालतं का?

रिचर्ड बटलर यांनी 1980 मध्ये मांडलेला हा आलेख: शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, स्थिरीकरण, साचलेपण, आणि त्यानंतर घसरण किंवा नवी पालवी. बेटांवर तो सर्रास लावला गेला. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधलं आयल ऑफ मॅन त्यात चपखल बसतं. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणी कामगारांची सुट्टी आगबोटीने तिथे जायची. भूमध्य समुद्राकडची स्वस्त विमानं सुरू झाली आणि बेट ओस पडू लागलं.

पण मालदीवला तो लावून बघा. पहिलं रिसॉर्ट 1972 चं, तेही कुणी राहत नसलेल्या बेटावर. एक बेट, एक रिसॉर्ट, आणि गावं असलेली बेटं मुद्दाम लांब ठेवलेली, हे धोरण बराच काळ चाललं. गावच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला मोकळीक मिळाली ती 2010 च्या आसपास, आणि माफुशीसारखी बेटं त्यानंतर गजबजली. म्हणजे बटलरच्या क्रमात दुसरा असलेला स्थानिक सहभाग इथे उद्योग चांगला रुळल्यावर मोठ्या प्रमाणावर आला. सरकारने कुठे परवाना दिला आणि कुठे नाही, यावर क्रम ठरला. तेव्हा जीवनचक्राचा आलेख चौकशीला सुरुवात म्हणून वापरावा. त्यावरून बेटाचं भविष्य सांगू नये.

पर्यटन म्हणजे नवा वसाहतवाद, असं म्हणणारे कोण?

स्टीफन ब्रिटन यांचं नाव आधी घ्यावं लागेल. फिजीच्या अभ्यासावरून त्यांनी 1982 मध्ये लिहिलं की विमान कंपनी, टूर कंपनी आणि मोठी हॉटेलं यांची साखळी श्रीमंत देशांतून हलवली जाते. साखरेच्या मळ्यांच्या काळात घडलेली रचनाच पर्यटनात पुढे चालते. पर्यटक विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या कुंपणात जातो आणि गाव बाहेर राहतं. फिजीतले ते मळे कसायला आपल्याकडून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले होते, हे आठवलं की ब्रिटन यांचं म्हणणं आपल्याला जास्तच पोचतं.

त्यांच्यावरचा आक्षेपही रास्त आहे. या चित्रात बेटावरचा माणूस फक्त सोसणारा दिसतो. तो होडी भाड्याने देतो, जमिनीवर हक्क सांगतो, भाव करतो, नकार देतो, हे त्यात येत नाही.

मिराब, साइट ही अक्षरं सारखी दिसतात. काय आहेत?

बेटांच्या अर्थव्यवस्थांचे साचे, इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेले. बर्ट्रम आणि वॉटर्स यांनी 1985 मध्ये पॅसिफिकच्या छोट्या बेटांसाठी मिराब मांडलं: स्थलांतर, घरी पाठवलेला पैसा, परदेशी मदत आणि सरकारी नोकऱ्या यांवर चालणारी बेटं. 2006 मध्ये मॅकएलरॉय यांनी पर्यटनावर चालणाऱ्या छोट्या बेटांसाठी साइट हा वेगळा साचा दिला. याच मॅकएलरॉय यांनी डी अल्बुकर्क यांच्याबरोबर 1998 मध्ये पर्यटन किती भिनलंय याचा निर्देशांक केला होता: माणशी पर्यटकांचा खर्च, हजार रहिवाशांमागे रोजचे पर्यटक आणि चौरस किलोमीटरमागे हॉटेलच्या खोल्या. साधा आहे, पण दोन बेटांची तुलना करायला अजून उपयोगी पडतो.

‘शाश्वत पर्यटन’ केव्हा आलं?

शाश्वत विकासाची कल्पना रूढ करणाऱ्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालानंतर आणि पर्यावरणावरच्या 1992 च्या रिओ परिषदेनंतर. 1994 मध्ये छोट्या द्वीपराष्ट्रांची जागतिक परिषद बार्बाडोसला भरली. 1995 मध्ये माल्टाचे लिनो ब्रिगुग्लिओ यांनी असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला आणि दरडोई उत्पन्न चांगलं दिसत असूनही बेटं किती नाजूक असतात हे दाखवलं.

नव्वदच्या दशकात वहनक्षमतेचा आकडा शोधण्याची लाट आली: या बेटाला किती पर्यटक झेपतील? हळूहळू लक्षात आलं की असा एक आकडा नसतो. प्रवाळाला झेपणारी संख्या वेगळी, विहिरीला वेगळी, गावकऱ्याच्या सहनशक्तीला वेगळी. मग प्रश्न बदलला: किती बदल आपल्याला चालेल, आणि हे ठरवणार कोण?

बेटांवरच्या लोकांनी स्वतः लिहायला कधी घेतलं?

लिहीत ते आधीपासून होते. जग ऐकू लागलं नव्वदच्या दशकात. टोंगन वंशाचे एपेली हौओफा फिजीत सुवाच्या विद्यापीठात शिकवायचे. बेटं लहान, गरीब, परावलंबी, हे मिराबछाप चित्र तेही वर्गात मांडत. ते ऐकताना विद्यार्थ्यांचे पडलेले चेहरे त्यांना छळू लागले. मग हवाईच्या मोठ्या बेटावर कोनाहून हिलोला गाडीने जाताना, ज्वालामुखीमुळे अजून वाढत असलेली जमीन बघून, त्यांना दुसरी मांडणी सुचली. ती 1993 च्या निबंधात आहे: दूरच्या समुद्रात विखुरलेली बेटं असं न म्हणता बेटांचा समुद्र म्हणा. समुद्र त्या लोकांचा रस्ता होता, शेत होतं, घर होतं. जमिनीचे तुकडे तेवढे मोजून त्यांना छोटं कुणी ठरवलं?

या एका निबंधाने अभ्यासकांची भाषा बदलली. ग्रँट मॅकॉल यांनी बेटांचा अभ्यास बेटांच्याच अटींवर करण्याची मागणी केली. 2006 मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठातून बेट-अभ्यासाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. संपादक माल्टाचे गॉडफ्री बाल्डाकिनो. हवाईच्या मूळ रहिवासी हौनानी-के ट्रास्क यांनी आपल्या नृत्याचा आणि बायकांच्या प्रतिमेचा बाजार कसा मांडला जातो, हे धगधगत्या शब्दांत लिहिलं. तेरेसिया तेआइवा यांनी दाखवलं की पॅसिफिकमध्ये लष्करी तळ आणि पर्यटन एकमेकांना सांभाळतात. वाळू-माडाच्या पोस्टरमागे तळ झाकला जातो.

बेट म्हटलं की ऊन, वाळू, माड. थंड बेटांचं काय?

त्यांच्याकडे उशिरा लक्ष गेलं. बाल्डाकिनो यांनी 2006 मध्ये आइसलँडसारख्या थंड पाण्यातल्या बेटांवर संपादित पुस्तक काढलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी एप्रिल 2019 मध्ये एका शनिवार-रविवारी मुख्य पर्यटनस्थळं देखभालीसाठी बंद ठेवून बाहेरून आलेल्या 100 स्वयंसेवकांसोबत पायवाटा दुरुस्त केल्या. त्या प्रयोगाची आता अभ्यासातही चर्चा होते.

हवामानबदलाने काय बदललं?

खूप काही. 2002 मध्ये स्टेफान ग्योसलिंग आणि सहकाऱ्यांनी सेशेल्सला जाणाऱ्या पर्यटकाचा पर्यावरणीय ठसा काढला, तर 97 टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या विमानप्रवासाचा निघाला. बेटावर टॉवेल धुणं कमी करून, स्ट्रॉ बंद करून जे साधतं ते उरलेल्या तीन टक्क्यांतलं. ‘इको-रिसॉर्ट’ या शब्दाची हवा या एका आकड्याने काढून घेतली.

2005 मध्ये कॅरिबियनमधल्या बोनेअर आणि बार्बाडोसच्या पर्यटकांना विचारलं गेलं: प्रवाळ पांढरे पडले किंवा किनारा आक्रसला, तर याच पैशांत परत याल का? 80 टक्क्यांहून जास्त जण नाही म्हणाले. 2012 मध्ये डॅनियल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधली 906 मोठी रिसॉर्ट तपासली; समुद्र एक मीटरने चढला तर 29 टक्के पूर्ण किंवा अंशतः पाण्याखाली जातात. धूप धरली तर आकडा आणखी वाढतो. विमान थांबलं तर बेट उपाशी, विमान चालू राहिलं तर बेट पाण्यात. या पेचातून बाहेर काढणारं उत्तर संशोधनाकडे अजून नाही.

अतिपर्यटन आणि कोविडनंतर काय चाललंय?

फिलिपिन्सने बोराकाय बेट सांडपाण्यापायी एप्रिल ते ऑक्टोबर 2018 पूर्ण बंद ठेवलं. थायलंडची माया बे जून 2018 मध्ये बंद झाली ती जानेवारी 2022 ला उघडली. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी 2002 मध्ये पर्यटक कर आणला, 2003 मध्ये तो गेला, 2016 मध्ये परत आला. मागणी वाढवायची कशी, यावर चाळीस वर्षं लिहिणाऱ्यांना आता आवरायची कशी, यावर लिहावं लागतंय.

कोविडमध्ये जे प्रयोगशाळेतही करता आलं नसतं ते घडलं: पर्यटक शून्य. किनारे स्वच्छ झाले आणि घरातली चूल मंदावली, दोन्ही एकाच वेळी. त्यावर ढिगाने निबंध आले, बरेचसे घाईचे. त्यातले टिकणारे तेच, ज्यांनी लोक परत शेतीकडे, मासेमारीकडे, नात्यागोत्याच्या देवाणघेवाणीकडे कसे वळले ते नीट बघितलं. पर्यटक परतल्यावर जुना राग दुप्पट होऊन परतला. 20 एप्रिल 2024 ला स्पेनच्याच कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. सुट्टीवाल्यांना खोल्या भाड्याने देण्याच्या नादात आम्हाला राहायला घर मिळत नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार. घरभाडं हा विषय वीस वर्षांपूर्वी बेटांच्या पर्यटन अभ्यासात कोपऱ्यात होता, आज मध्यावर आहे.

भारतात आणि मराठी माणसाशी याचा संबंध कुठे येतो?

अंदमानात येतो. तिथल्या जंगलांसाठी आणि जारवा आदिवासींसाठी न्यायालयात गेलेल्या तीन संस्थांत पुण्याची कल्पवृक्ष आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) होत्या. न्यायालयानेच नेमलेल्या शेखर सिंग यांच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्ये जारवांच्या क्षेत्रातून जाणारा अंदमान ट्रंक रोडचा भाग बंद करायला सांगितलं. तरी पर्यटकांच्या गाड्या त्या रस्त्याने जात राहिल्या. आपल्याकडचं बरंचसं चांगलं लेखन विद्यापीठांपेक्षा अशा लढ्यांतून आलंय, आणि त्याची दखल पर्यटनाच्या अभ्यासक्रमात फार कमी घेतली जाते.

मॉरिशसमध्येही येतो. तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज उसाच्या मळ्यांसाठी गेले, आणि त्याच देशाने पुढे साखरेला जोड म्हणून पर्यटन उभं केलं. पर्यटनाने तिथल्या वाढीला खरोखर हातभार लावला, असं रमेश दरबारी यांनी 2004 मध्ये आकडेवारीने दाखवलं. पर्यटनाने बेटं श्रीमंत देशांवर अवलंबून राहतात, या ब्रिटन यांच्यासारख्यांच्या परावलंबित्वाच्या सिद्धांताला दिलेलं हे उत्तरच होतं.

मला प्रबंध करायचाय. विषय कुठला घेऊ?

परदेशी मॉडेल घेऊन आलेख काढत बसू नका. गेटवेहून लाँचने घारापुरीला जा. लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत, पण बेटावर समुद्राखालून वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावं. पर्यटक सकाळी येतो आणि संध्याकाळच्या आत परततो. एका पर्यटकाचा दिवसाचा खर्च धरा आणि त्यामागे चालत जा: लाँचचं तिकीट कुणाच्या खिशात गेलं, पायऱ्यांवरच्या माळा-मूर्ती कुठून आणल्या, प्रवेशशुल्क कुणाकडे जमा झालं, जेवणातलं काय बेटावरचं आणि काय मुंबईहून आलेलं, काकडी-कैरी विकणारीला हातात किती उरले. तिन्ही गावांत वेगवेगळं विचारा, कारण धक्का एकाच्या जवळ आणि बाकीच्यांच्या लांब आहे. पावसाळ्यात एकदा आणि डिसेंबरच्या गर्दीत एकदा जा. घरच्या बायकांशी बोलायला वेगळा वेळ ठेवा; पुरुषांसमोर त्या हिशेब सांगतीलच असं नाही. आणि प्रश्नावली छापण्याआधी ग्रामपंचायतीत बसून विचारा, तुम्हाला कशाचं उत्तर हवंय?